कोड एडिटरला अर्धवट ओळही सांभाळता आली पाहिजे

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

शाळेत मुलांना कोडिंग कोणत्या इयत्तेपासून शिकवावे, कोणी शिकवावे आणि मराठीतून शिकवावे की इंग्रजीतून, यावर आपल्या पत्रसदरात गेले काही आठवडे मते येत आहेत. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचा समावेश सुचवल्यापासून ही चर्चा चालू आहे आणि ती व्हायलाच हवी. मात्र मूल ज्या साधनात प्रोग्राम लिहिते, खोडते आणि पुन्हा लिहिते, ते साधन कसे असावे, याचा उल्लेख मला या पत्रांत कुठेच आढळला नाही. सातारा जिल्ह्यातील एका तंत्रनिकेतनात मी २२ वर्षे प्रोग्रामिंग शिकवत आहे आणि त्याआधी चार वर्षे पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत काम केले आहे. एवढ्या काळात प्रोग्रामिंग सोडून दिलेली जी मुले मी पाहिली, त्यांतील बऱ्याच जणांना विषय कठीण गेला नव्हता. ती साधनाला कंटाळली होती. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे. प्रोग्राम लिहिण्याच्या या साधनासाठी ‘एडिटर’ हा शब्द मी मुद्दाम तसाच ठेवला आहे, कारण आपल्या भाषेत संपादक म्हणजे माणूस, आणि तसेच राहावे असे मला वाटते.

आधी प्रयोगशाळेतले रोजचे दृश्य सांगतो. आमच्याकडे कित्येक वर्षे टर्बो सी, म्हणजे सी भाषेत प्रोग्राम लिहिण्याचे एक जुने साधन, वापरात होते. पहिल्या सत्रातील विद्यार्थिनी एक ते दहाचा पाढा छापण्याचा प्रोग्राम लिहिते. चाळीसेक ओळी होतात. मधल्या एका लूपचा, म्हणजे तीच विधाने पुन्हा पुन्हा करणाऱ्या भागाचा, शेवटचा महिरपी कंस द्यायचा राहून जातो. प्रोग्राम चालवताच ‘कंपाउंड स्टेटमेंट मिसिंग’ असा संदेश येतो आणि कर्सर फाइलच्या अगदी शेवटच्या ओळीवर जाऊन थांबतो. चूक असते चौदाव्या ओळीपाशी आणि बोट दाखवले जाते चाळिसाव्या ओळीकडे. ती मुलगी शेवटची ओळ दहा वेळा तपासते, तिथे आणखी एक कंस टाकून पाहते, त्याने प्रोग्राम चालतोही, पण पाढा चुकीचा छापला जातो. तासाची वेळ संपते. लूप म्हणजे काय हे तिला पक्के ठाऊक होते. अडचण एवढीच होती की तिच्या मनात जे ‘लूप आणि त्याच्या आतली तीन विधाने’ होते, ते एडिटरच्या लेखी एकापुढे एक ठेवलेल्या अक्षरांची रांग होते. त्या रांगेतून रचना ओळखण्याचे काम नंतर कंपायलर, म्हणजे प्रोग्रामचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारे सॉफ्टवेअर, करतो, आणि एक अक्षर कमी पडले की त्याचा अंदाज पार भलतीकडे जातो.

यावर उपाय म्हणून पन्नास वर्षांपूर्वीच एक कल्पना मांडली गेली. प्रोग्राम हा मुळात झाडासारखा असतो. ‘जर’ या विधानाला एक अट असते, एक ‘तर’चा भाग आणि एक ‘नाहीतर’चा भाग असतो, त्या प्रत्येक भागात पुन्हा विधाने असतात, विधानांत सूत्रे असतात आणि सूत्रांत नावे व आकडे असतात. मग एडिटरनेच थेट या झाडावर काम का करू नये? वापरणाऱ्याने ‘जर’ निवडले की अट, तर, नाहीतर अशा तीन रिकाम्या जागांचा साचा पडद्यावर यावा, प्रत्येक जागेत तिथे चालेल तेवढेच भरता यावे, आणि महिरपी कंस विसरण्याचा प्रश्नच उरू नये. अशा साधनाला स्ट्रक्चर एडिटर म्हणतात. विल्फ्रेड हॅन्सन यांनी १९७१ मध्ये ‘एमिली’ नावाचा असा एडिटर केला होता. त्यात पडद्यावर दिसणाऱ्या पर्यायांवर प्रकाशलेखणी टेकवून प्रोग्राम रचत जायचे. सत्तरच्याच दशकात फ्रान्समध्ये ‘मेन्टॉर’ तयार झाला. आणि टिम टायटेलबॉम व थॉमस रेप्स यांचा ‘कॉर्नेल प्रोग्राम सिंथेसायझर’, ज्याचा लेख १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला, तो कॉर्नेल विद्यापीठात प्रोग्रामिंगचे प्राथमिक धडे घेणाऱ्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष वापरायला दिला गेला. प्रोग्राम म्हणजे मजकूर नव्हे, ही त्या लेखाची पहिलीच घोषणा होती.

कल्पना इतकी सरळ असताना आज जगातला बहुतेक व्यावसायिक कोड साध्या मजकुरातच का लिहिला जातो, हा प्रश्न मला फार काळ पडला होता. प्रोग्रामर जुन्या सवयी सोडत नाहीत, असे त्याचे उत्तर बऱ्याचदा दिले जाते. मला ते पटत नाही. प्रोग्रामरांनी या काळात भाषा बदलल्या, यंत्रे बदलली, कामाच्या पद्धती बदलल्या. स्ट्रक्चर एडिटर मात्र त्यांनी पुन्हा पुन्हा हातात घेऊन खाली ठेवला, आणि त्याचे कारण त्या एडिटरांच्या घडणीत आहे.

उदाहरण अगदी लहान घेऊ. निकालपत्रकात ‘लेखी + तोंडी’ असे सूत्र आहे आणि आता तोंडी परीक्षेच्या गुणांना दुप्पट वजन द्यायचे आहे. मजकुराच्या एडिटरमध्ये कर्सर शेवटी न्यायचा, गुणाकाराचे चिन्ह आणि २ टाइप करायचे. दोन कळांत काम झाले. ठोकळ्यांच्या एडिटरमध्ये, म्हणजे जिथे प्रोग्रामचे भाग रंगीत ठोकळ्यांसारखे एकमेकांत बसवायचे असतात अशा स्ट्रक्चर एडिटरमध्ये, बेरजेच्या ठोकळ्याला दोन खाचा असतात आणि दुसऱ्या खाचेत ‘तोंडी’ बसलेले असते. ते आधी बाहेर ओढून मोकळ्या जागेत ठेवायचे. मग बाजूच्या यादीतून गुणाकाराचा ठोकळा आणून रिकाम्या झालेल्या खाचेत बसवायचा. मग बाजूला ठेवलेले ‘तोंडी’ उचलून त्या नव्या ठोकळ्याच्या डाव्या खाचेत टाकायचे, आणि शेवटी उजवीकडे २ भरायचे. तीन वेळा ओढाओढ आणि एकदा टाइपिंग. आता हेच दुप्पट वजन तोंडीऐवजी एकूण बेरजेला द्यायचे ठरले, तर मजकुरात सुरुवातीला एक कंस, शेवटी एक कंस आणि पुढे गुणिले दोन एवढेच लागते. पण झाडाच्या दृष्टीने शेंड्यावरचे चिन्हच बदलले: आधी बेरीज वर होती आणि गुणाकार तिच्या खाली होता, आता गुणाकार वर गेला आणि बेरीज खाली आली. कडक नियमांचा एडिटर इथे वापरणाऱ्याला सगळे मोडून पुन्हा बांधायला लावतो, कारण मजकुरात आपण पहिला कंस टाकतो त्या क्षणी, दुसरा कंस येईपर्यंत, प्रोग्राम व्याकरणदृष्ट्या चुकीचा असतो आणि कडक एडिटरला ती चूक क्षणभरही खपत नाही.

लिहिण्याचा क्रम हा तर याहून मोठा अडथळा आहे. बेरीज हे झाडाचे टोक असल्यामुळे कडक स्ट्रक्चर एडिटरमध्ये आधी ‘बेरीज’ निवडावी लागते, मग डावी जागा, मग उजवी. माणूस मात्र ‘लेखी’ म्हणतो, मग ‘अधिक’ म्हणतो, मग ‘तोंडी’ म्हणतो. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते. कुणी आपल्याला ‘आधी क्रियापद सांगा, त्याशिवाय कर्ता बोलू देणार नाही’ अशी सक्ती केली, तर आपण वाक्य बोलू शकू, पण विचार करत करत बोलू शकणार नाही. प्रोग्राम लिहिणारा माणूसही विचार करत करतच लिहीत असतो. ‘जर’ लागेल की ‘जोपर्यंत’ लागेल, हे त्याला अट लिहून झाल्यावर कळते. त्याआधीच साचा निवडायला लावणे म्हणजे कच्चा आराखडा न काढू देता थेट पक्के बांधकाम मागणे होय.

हे मी अंगावर घेऊन पाहिले आहे. पुण्यातल्या त्या कंपनीत, जिचे नाव मी लिहीत नाही, आम्हाला विम्याच्या नियमांची मांडणी करण्यासाठी एक साच्यांचा एडिटर दिला होता. नियम नव्याने भरताना तो उत्तम वाटे. प्रशिक्षणाच्या दिवशी सगळे खूश होते. तिसऱ्या आठवड्यात एका नियमाच्या ‘जर’चे ‘प्रत्येकासाठी’मध्ये रूपांतर करायचे काम माझ्याकडे आले. आत अकरा उपनियम होते. ‘जर’ पुसला की आतले अकराही पुसले जात. म्हणून प्रत्येक उपनियम एकेक करून बाहेर काढायचा, नवा साचा आणायचा आणि पुन्हा एकेक आत ठेवायचा. संध्याकाळी सहाला सुरू केलेले काम रात्री साडेनऊला संपले, आणि दुसऱ्या दिवशी ग्राहकाने तो बदल नको असल्याचे कळवले. त्या रात्री माझी खात्री पटली की एडिटरची परीक्षा पहिल्यांदा लिहिताना होत नाही. ती लिहिलेले बदलताना होते. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ थॉमस ग्रीन यांनी संकेतप्रणालींच्या अभ्यासात यासाठी चांगला शब्द वापरला आहे, त्याला मराठीत दाटपणा म्हणता येईल. लहानसा बदल करायला किती हात मारावे लागतात, यावरून माध्यम पाण्यासारखे आहे की काकवीसारखे आहे ते ठरते. आपण साधने विकत घेताना मात्र नवा प्रोग्राम किती झटपट तयार होतो, एवढेच प्रात्यक्षिकात पाहतो.

आता मला जे मुख्यतः सांगायचे आहे त्याकडे वळतो. रचना जपणे आणि हाताला मोकळीक देणे या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत, असा समज आहे. आपण मराठी माणसे मात्र रोज संगणकावर या दोन्ही गोष्टी एकत्र नांदताना पाहतो. फक्त आपले तिकडे लक्ष जात नाही. देवनागरी लिपी ही रोमनसारखी सरळ रांग नाही. ‘शक्ती’ हा शब्द घ्या. डोळ्यांना दोन अक्षरे दिसतात, संगणकाच्या पोटात श, क, हलन्त, त आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे असतात. बाणाची कळ दाबली तर कर्सर अनेक ठिकाणी ‘क्ती’ हे जोडाक्षर अखंड मानून एका उडीत पार करतो, म्हणजे तो रचनेनुसार चालतो. पण बॅकस्पेस दाबले तर आधी फक्त वेलांटी जाते, मग त जातो, मग हलन्त जातो. वेलांटी चुकली म्हणून संपूर्ण जोडाक्षर पुन्हा लिहावे लागत नाही. फिरताना मोठी एकके आणि खोडताना लहान एकके, ही सोय कुणीतरी विचारपूर्वक केलेली आहे, आणि नेमकी हीच सोय बहुतेक स्ट्रक्चर एडिटरांत नसते. तिथे बॅकस्पेस दाबले की संपूर्ण ‘जर’ नाहीसा होतो.

याहून बोलके उदाहरण ऱ्हस्व वेलांटीचे आहे. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये जुन्या यंत्रावर शिकलेल्यांना आठवेल की ‘कि’ लिहिताना आधी वेलांटीची कळ दाबायची आणि मग क, कारण कागदावर वेलांटी आधी उमटते. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये इन्स्क्रिप्ट कळफलक प्रमाणित केला, त्यात क्रम उच्चाराप्रमाणे आहे: आधी क, मग वेलांटी. युनिकोडमध्येही, म्हणजे संगणकात जगभरच्या लिप्या साठवण्याच्या प्रमाणित पद्धतीतही, साठवण त्याच क्रमाने होते. मग जुन्या टंकलेखकांचे काय झाले? त्यांच्यासाठी रेमिंग्टन पद्धतीचा, म्हणजे जुन्या टंकलेखन यंत्राच्या मांडणीचा, कळफलक युनिकोडवरही उपलब्ध झाला. टंकलेखक सवयीप्रमाणे वेलांटी आधी दाबतो, सॉफ्टवेअर ती हातात धरून थांबते, पुढचे अक्षर आले की दोन्हींची जागा बदलून योग्य क्रमाने साठवते. हात डोळ्यांच्या क्रमाने चालतो, आतली रचना व्याकरणाच्या क्रमाने राहते आणि मधला भार यंत्र उचलते. ‘विद्यार्थी’मधला रफार दिसतो ‘थी’च्या डोक्यावर, पण लिहिला जातो ‘थ’च्या आधी, आपल्यापैकी कुणाला त्याचा त्रास होतो असे मला दिसलेले नाही.

आणि वेलांटी लिहून पुढे अक्षर लिहिलेच नाही, तर काय होते? पडद्यावर ठिपक्यांचे एक छोटे वर्तुळ उमटते आणि त्याला ती एकटी वेलांटी लागलेली दिसते. मला हे वर्तुळ फार आवडते. संगणक तिथे ‘चूक’ म्हणून ओरडत नाही, कळ नाकारत नाही, लिहिलेले पुसतही नाही. इथे एक अक्षर यायचे आहे, एवढे तो दाखवून ठेवतो आणि आपल्याला बाकीचे पत्र लिहू देतो. चांगल्या स्ट्रक्चर एडिटरचा आत्मा या ठिपक्यांच्या वर्तुळात आहे, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो.

आनंदाची गोष्ट अशी की गेल्या दहाएक वर्षांत या क्षेत्रातील संशोधन त्याच दिशेने गेले आहे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात सायरस ओमर आणि त्यांचे सहकारी ‘हेझल’ नावाची भाषा व तिचा एडिटर विकसित करत आहेत. त्यात प्रोग्राममधील न लिहिलेल्या जागेला औपचारिक दर्जा दिला आहे. रिकाम्या जागेला तिचा प्रकार असतो, म्हणजे तिथे आकडा यायचा आहे की मजकूर यायचा आहे हे एडिटरला ठाऊक असते, आणि २०१९ साली त्यांनी मांडलेल्या पद्धतीनुसार अशा रिकाम्या जागा असलेला प्रोग्रामही चालवून पाहता येतो. जिथपर्यंत उत्तर निघते तिथपर्यंत ते काढून दाखवले जाते. याच गटाच्या ‘टायलर’ या प्रायोगिक एडिटरमध्ये वापरणाऱ्याला रचना तोडून हवा तो भाग, अगदी एकच कंस, निवडता, उचलता किंवा पुसता येतो. कंस पुसला तर त्याच्या जोडीदाराला जोडी मिळणे बाकी असल्याची खूण एडिटर स्वतः ठेवतो आणि ती बाकी हवी तिथे फेडू देतो. २०२३ मध्ये त्यावर लिहिलेल्या निबंधात या खुणांना त्यांनी ‘देणी’ या अर्थाचा शब्द वापरला आहे. दुकानदाराच्या वहीतल्या उधारीसारखी ही व्यवस्था आहे: उधारी चालते, पण ती लिहिलेली असते. पाढ्याच्या प्रोग्राममध्ये अडकलेल्या त्या मुलीला चौदाव्या ओळीपाशी अशी एक फिकट खूण दिसली असती, तर तिचा तास वाया गेला नसता.

दुसरी वाट मायकेल कोलिंग यांच्या गटाने इंग्लंडमध्ये २०१५च्या सुमारास काढली. नवशिक्यांसाठीच्या त्यांच्या ‘ग्रीनफूट’ या साधनातील ‘स्ट्राइड’ या भाषेत विधानांच्या चौकटी असतात, पण त्या माउसने ओढून आणाव्या लागत नाहीत. योग्य ठिकाणी एक कळ दाबली की ‘जर’ची चौकट येते आणि चौकटीच्या आतली अट नेहमीसारखी टाइप करायची असते. मोठी रचना चौकटींची, बारीक रचना मजकुराची, ही विभागणी कॉर्नेलच्या मंडळींनीही चाळीसेक वर्षांपूर्वी केली होती. त्यांच्याकडे विधाने साच्यांनी येत आणि सूत्रे टाइप केली जात. ती विभागणी टिकली, याचा अर्थ ती हाताला मानवते.

नव्या प्रोग्रामिंग भाषा आणि त्यांचे स्ट्रक्चर एडिटर रचण्यासाठीच्या, जेटब्रेन्स कंपनीच्या ‘एमपीएस’ या साधनाचा अनुभवही इथे सांगण्यासारखा आहे, कारण त्यातून ही सोय फुकट मिळत नाही हे कळते. त्यात आकड्याच्या उजवीकडे अधिकचे चिन्ह टाइप केले की आकडा बेरजेच्या डाव्या फांदीवर आपोआप जातो, म्हणजे रेमिंग्टनच्या वेलांटीसारखी अदलाबदल आत होते. मात्र भाषा रचणाऱ्याला प्रत्येक चिन्हासाठी ही अदलाबदल स्वतंत्रपणे सांगावी लागे. एखादी राहून गेली की नेमक्या त्या ठिकाणी वापरणाऱ्याचे बोट अडखळे. पुढे ती मेहनत कमी करण्याच्या युक्त्या निघाल्या. या साधनावर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियंत्रित प्रयोगात सरावलेल्या लोकांना नेहमीची कामे चांगल्या वेगाने करता आली, पण काही बदल करताना आतल्या झाडाची घडण माहीत असणे त्यांना भाग पडले. माझ्या मते वापरणाऱ्याला झाड माहीत असावे लागणे, हेच अपयशाचे लक्षण आहे. युनिकोडची साठवण माहीत नसलेली माझी आई मोबाइलवर मराठीत उत्तम पत्र लिहिते.

शाळांमध्ये आज जे दिसते ते बहुतेक वेळा स्क्रॅच, म्हणजे मुलांसाठीचे ठोकळ्यांचे साधन, असते. एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटाने ते २००७ मध्ये लोकांसाठी खुले केले आणि २०१९ पासूनची त्याची आवृत्ती ब्लॉकली या, ठोकळ्यांचे एडिटर बनवण्याच्या गूगलच्या संचावर आधारलेली आहे. मी स्क्रॅचच्या विरोधात नाही. पहिल्या दिवशी पहिल्या तासाला पडद्यावरचे मांजर चालते, मुले टाळ्या वाजवतात, आणि व्याकरणाची एकही चूक होत नाही. हे मोठे काम आहे. गोल ठोकळा गोल खाचेतच बसतो आणि षटकोनी खाचेत षटकोनी ठोकळाच बसतो, त्यामुळे आकडा कुठे आणि अट कुठे हे शब्दांवाचून समजते. ठोकळ्यांवरचे शब्द वेगवेगळ्या भाषांत बदलता येतात, हा तर रचना मजकुरापासून वेगळी ठेवल्याचा थेट लाभ आहे, कारण आतले झाड तेच राहते आणि फक्त पाट्या बदलतात. परंतु मधला एक ठोकळा उचलायला जावे तर त्याच्या खालची सगळी माळ हातात येते, आणि प्रोग्राम पन्नास ठोकळ्यांच्या पुढे गेला की मुले बदल करायचे टाळू लागतात. तालुक्याच्या एका शाळेत मी पाहिले, सातवीतला एक मुलगा चुकलेला भाग दुरुस्त करण्याऐवजी सगळे पुसून पहिल्यापासून रचत होता. ‘सर, हे लवकर होतं,’ असे तो म्हणाला, आणि त्याचे बरोबर होते. दुरुस्ती करण्यापेक्षा पुन्हा करणे सोपे वाटू लागले की दुरुस्तीचे कौशल्य शिकलेच जात नाही, आणि प्रोग्रामरच्या आयुष्यातला बहुतेक वेळ तर दुरुस्तीतच जातो.

फायलींचा प्रश्न थोडक्यात सांगतो. मजकुराचा प्रोग्राम कुठेही चिकटवता येतो, मित्राला पाठवता येतो, कालच्या आणि आजच्या प्रतीतला फरक ओळीओळीने दाखवता येतो. बरेच स्ट्रक्चर एडिटर आपले झाड स्वतःच्या स्वरूपात साठवतात आणि ते त्यांच्याबाहेर सहजी वाचता येत नाही. त्यामुळे नव्या एडिटरने निदान साधा मजकूर आत घेणे आणि बाहेर देणे एवढे तरी विनातक्रार केले पाहिजे. विद्यार्थ्याचा चार वर्षांचा अभ्यास एका कंपनीच्या पेटीत अडकून राहावा, हे मला मान्य नाही.

दृष्टिहीन विद्यार्थ्यांच्या बाबतीत मात्र थोडक्यात आटपणे योग्य होणार नाही. माझ्या वर्गात एक विद्यार्थी पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करत असे. मजकुराच्या एडिटरमध्ये त्याला ‘स्पेस, स्पेस, स्पेस, स्पेस’ ऐकत आपण कितव्या पातळीवर आहोत हे बोटांवर मोजावे लागे. ठोकळ्यांचा एडिटर दिला तर माउसने ओढाओढ आली, म्हणजे ते दार त्याला बंदच. वास्तविक ज्याच्याकडे प्रोग्रामचे झाड तयार आहे असा एडिटर ‘दुसऱ्या लूपमधले तिसरे विधान’ असे एका वाक्यात सांगू शकतो, एक कळ दाबून बाहेरच्या पातळीवर नेऊ शकतो, न लिहिलेल्या जागा एकामागून एक दाखवू शकतो. बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये २०१८च्या सुमारास झालेल्या ‘कोडटॉक’ या कामाने मजकुराच्या एडिटरमध्येही अशी रचनेवर आधारलेली फिरस्ती दृष्टिहीन प्रोग्रामरांना देता येते, हे दाखवले. रचना डोळ्यांसाठी रंगीत ठोकळ्यांत दाखवायची आणि कानांसाठी तिचा उपयोगच करायचा नाही, हा अन्याय आहे आणि तो तंत्राने घडवलेला नाही, आपण ठरवताना विसरलो म्हणून घडला आहे.

आता यंत्रे स्वतः कोड लिहून देऊ लागली आहेत, तेव्हा एडिटरची चिंता कशाला, असे मला एका सहकाऱ्याने विचारले. माझे म्हणणे नेमके उलट आहे. दुसऱ्याने लिहिलेले वाचणे, त्यातला एक भाग उचलून दुसरीकडे ठेवणे, एक अट बदलणे हीच कामे यापुढे माणसाच्या वाट्याला जास्त येणार आहेत, आणि ती सगळी बदलण्याचीच कामे आहेत.

म्हणून शाळा, तंत्रनिकेतने आणि अभ्यास मंडळे यांना माझी विनंती आहे की कोणतेही साधन स्वीकारण्यापूर्वी त्यावर नवा प्रोग्राम करून दाखवायला सांगू नये. आधीच लिहिलेला साठ ओळींचा प्रोग्राम विद्यार्थ्यांच्या हातात द्यावा आणि बदल करायला सांगावेत: एका सूत्राभोवती कंस घालणे, ‘जर’चे ‘जोपर्यंत’ करणे, मधली चार विधाने उचलून एका नव्या फंक्शनमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या स्वतंत्र भागात, ठेवणे, एक नाव सगळीकडे बदलणे, आणि हे सगळे एकदा माउस काढून घेऊन फक्त कळफलकावर करून पाहणे. अर्धवट अवस्थेत प्रोग्राम सोडून जेवायला जावे आणि परत आल्यावर साधनाने ती अवस्था जशीच्या तशी सांभाळली आहे का, काय उणे आहे ते दाखवले आहे का, तेही पाहावे. मागच्या सत्रात मी माझ्या वर्गात तीन साधनांवर हेच केले. विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकात सर्वांत आकर्षक वाटलेल्या साधनावर ‘जर’चे ‘जोपर्यंत’ करायला मुलांना सरासरी सर्वांत जास्त वेळ लागला, आणि दोघांनी आतली विधाने गमावली.

पुण्या-मुंबईत, नागपुरात, गोव्यात आणि परदेशात मराठी बोलणारे कितीतरी तरुण आज एडिटर आणि भाषा यांवर काम करतात. त्यांनी देवनागरीच्या कळफलकांचा आणि अक्षरजुळणीचा इतिहास एकदा या नजरेने वाचावा अशी माझी फार इच्छा आहे. ज्या कुणाला आपला एडिटर नवशिक्या मुलांच्या हातात देऊन पाहायचा असेल, त्याच्यासाठी आमची प्रयोगशाळा शनिवारी दुपारी दोन ते पाच खुली आहे. तीस संगणक आहेत, मुले उत्सुक आहेत, आणि बदलांच्या कामांची यादी मी तयार ठेवली आहे. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे या पत्रासोबत दिलेला आहे.

आपला नम्र,
एक प्रोग्रामिंग शिक्षक
सातारा